खोल पाण्याकडची खुर्ची

ताथवड्यातल्या नव्या सोसायट्यांच्या मधोमध एक खासगी जलतरण तलाव आहे. तिथल्या बायकांच्या बॅचेस नऊ वर्षं कस्तुरा सांडभोर सांभाळत होती. शिकवायची तीच आणि राखणही तिचीच. शिकवून झालं की बायका आपापल्या पोहत राहायच्या आणि कस्तुरा खोल बाजूच्या उंच लोखंडी खुर्चीवर चढून बसायची. गळ्यात शिट्टी, नजर पाण्यावर. नऊ वर्षांत तिच्या पाण्यात कुणाला काही झालं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, पण ती तो बोलून दाखवायची नाही. बोललं की दृष्ट लागते, असं तिला आतून वाटायचं.

तिचं माहेर राजगुरुनगरच्या पुढं, भीमेच्या काठाला. ती सहा वर्षांची असताना बापानं, गेनूनं, तिच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून तिला विहिरीत ढकललं होतं आणि वरून ओरडला होता, "हात मार पोरी! पाय हलीव!" दहाव्या वर्षी ती तळाला गेलेली कळशी बुडी मारून वर आणायची. लग्न होऊन थेरगावात आल्यावर मात्र पाण्याशी संबंध उरला तो नळाचाच. नवरा आदिनाथ चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. मुलगी आरोही सात वर्षांची झाली तेव्हा तिला पोहायला घालायचं म्हणून कस्तुरा त्या तलावावर गेली, काठावर बसून आठ दिवस नुसतं बघितलं आणि नवव्या दिवशी स्वतःच पाण्यात उतरली. पुढं तिनं जीवरक्षकाची परीक्षा दिली. त्या दिवशी परीक्षेला आलेल्यांत बाई ती एकटीच होती.

हे सगळं सांगायचं कारण असं, की कस्तुराला स्वतःच्या हातांबद्दल कधी शंका अशी आलीच नव्हती. पाय घसरेल, दम लागेल, पण हात? हात तिचे पक्के होते. त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत.

उन्हाळ्याच्या सुटीत तलावावर झुंबड उडते. त्या वर्षी दुसरी शिक्षिका मार्चमध्येच नोकरी सोडून गेली आणि दोनाच्या चार बॅचेस कस्तुराच्या गळ्यात पडल्या. हात कसा फिरवायचा हे दाखवताना तिचा उजवा हात दिवसातून शेकडो वेळा डोक्यावरून जायचा. घाबरलेल्या बायकांना मनगटाला धरून ओढून घ्यायचं, बॅच संपल्यावर तळ घासायचा लांब दांड्याचा ब्रश ओढायचा, हेही होतंच. एप्रिल संपता संपता उजव्या खांद्यात, आत कुठंतरी, बोट ठेवून दाखवता येणार नाही अशा जागी ठणका सुरू झाला.

आधी तिनं दुर्लक्ष केलं. अंग दुखणं हे काही नवं नव्हतं. मग एका सकाळी फळीवरचा रव्याचा डबा काढायला हात वर केला आणि हात छातीच्या वर जातो न जातो तोच सुरी खुपसावी तशी कळ आली. डबा हातातून सुटला, ओटाभर रवा झाला. तिनं दातावर दात धरून हात आणखी वर नेला, तर वरती दुखणं नाही. खाली आणला, खालीही नाही. मधला तेवढा वीतभर टप्पा मात्र असा, की तिथून हात जाताना डोळ्यांपुढं अंधारी यावी. तिनं चार वेळा करून बघितलं. चारही वेळा तिथंच.

तिनं रवा भरून ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पण अंगातलं दुखणं लपवायचं म्हणजे दिवसभर नाटक करावं लागतं. पदर डाव्या हातानं घ्यायचा. वेणी घालायची ती मान खाली घालून, कोपर गुडघ्यावर टेकवून. ब्लाउजचे हूक मागचे होते ते तिनं पुढं करून घेतले. उजव्या कुशीवर झोपणं तर बंदच झालं. शिकवताना ती आता हात दाखवायच्या ऐवजी तोंडानं सांगायला लागली. "कोपर वर, कोपर वर! अगं वर म्हणजे आभाळाकडं!" बायका हसायच्या. कस्तुराचं लक्ष मात्र स्वतःच्या कोपराकडं असायचं.

ठणका ती सोसू शकत होती. तिला पोखरत होतं ते दुसरंच. खुर्चीवर बसली की तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायचं. कुणीतरी बुडतंय, तिनं उडी मारलीय, हात पुढं टाकलाय, आणि तो त्याच वीतभर टप्प्यात अडकलाय. पाण्यात कळ आली तर दातावर दात कसा धरणार? तोंडात पाणी जाणार. ती रोज टोप्या मोजायची. सोळा बायकांच्या सोळा टोप्या. पूर्वी बॅचमध्ये तीन-चार वेळा मोजायची, आता दर मिनिटाला मोजायला लागली. एखादी टोपी पाण्याखाली गेली की ती वर येईपर्यंत मोजणी तिथंच अडकून राहायची. घरी गेल्यावर भाजी चिरतानाही ती मनात मोजत असायची.

बॅच संपल्यावर, सगळ्या गेल्या की, ती पाण्यात उतरून एका डाव्या हातानं ओढून बघायची. पंधरा मीटर जमायचं. त्यापुढं दम लागायचा.

मॅनेजर सुजितला सांगावं, असं तिच्या मनात रोज यायचं. पोरगा वाईट नव्हता. पण सुटीचे दिवस, चारही बॅचेस भरलेल्या. तो म्हणाला असता, "ताई, मग मी दुसरं कुणीतरी बघतो," आणि ते दुसरं कुणीतरी एकदा खुर्चीवर बसलं की कायमचंच बसलं असतं. कस्तुरा रोज ठरवायची, उद्या सांगू. उद्या उजाडला की ती मोहरीचं तेल कोमट करून खांद्याला चोळायची आणि कामावर जायची.

आदिनाथच्या लक्षात आलं ते तेलाच्या वासानं. "काय गं, रोजच्या रोज तेल? दाखव बघू हात."

"काही नाही हो. ब्रश ओढून भरून आलाय."

"वर कर."

तिनं केला. त्याच टप्प्यात आल्यावर तिचा चेहरा पिळवटला. रविवारी आदिनाथनं गाडी काढली आणि तिला थेट तिच्या माहेरच्या गावी घेऊन गेला. तिथं दत्तोबा म्हणून एक म्हातारे होते. पंचक्रोशीतले निखळलेले हात-पाय बसवणारे. लहानपणी कस्तुरानं त्यांच्या ओट्यावर पैलवानांना ओरडताना ऐकलेलं होतं, त्यामुळं सगळ्या वाटेत तिला तेच आठवत होतं. आता म्हातारा बगलेत टाच लावणार आणि हिसका देणार.

दत्तोबांनी तिचा हात हातात घेतला. हळूच फिरवला, खांद्याच्या हाडावरून अंगठा फिरवला, बगलेत चाचपलं. मग हात तिच्या मांडीवर परत ठेवला.

"हाड जाग्याव हाय," ते म्हणाले. "ह्ये माझं काम न्हाई."

"मग बाबा, चोळून तरी..." कस्तुरा म्हणाली.

"न्हाई म्हंतो ना. आत शीर फाटली आसंल. मी हिसका दिला तर ऱ्हायलेली बी फाटंल. तू शहरात ऱ्हातीस, डाक्टरकडं जा. माझ्याकडं कशाला आलीस?"

परत येताना आदिनाथ म्हणाला, "ऐकलंस ना? उद्याच्या उद्या डॉक्टर." कस्तुरा हो म्हणाली. हिसका चुकला म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं, पण 'फाटली' हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. फाटलेला कपडा शिवता येतो. हे कोण शिवणार, आणि तोवर खुर्चीवर कोण बसणार? सोमवारी तिनं आदिनाथला सांगितलं की बॅच झाल्यावर जाते, आणि गेली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तर ते घडलंच.

बॅचमध्ये शालनबाई म्हणून एक होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघ्यांसाठी पोहा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आलेल्या आणि दोन महिन्यांत बऱ्यापैकी तरंगायला शिकलेल्या. स्वभाव शिस्तीचा. उथळ आणि खोल पाण्याच्या मधे बांधलेल्या दोरीच्या अलीकडं म्हणजे अलीकडंच. पण त्या सकाळी पाठीवर तरंगताना त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि दोरी एका टोकाला सैल झाली होती. कस्तुरानं बघितलं तेव्हा शालनबाईंची पिवळी टोपी दोरीच्या पलीकडं होती. शालनबाईंनी उभं राहायला पाय खाली सोडले. पायांना तळ लागला नाही.

त्या ओरडल्या नाहीत. पाण्यात घाबरलेला माणूस ओरडत नाहीच, त्याला तेवढा श्वासच नसतो. टोपी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

कस्तुरा खुर्चीवरून उतरून काठाशी आली होती. उडी मारायला गुडघे वाकले. आणि वाकलेलेच राहिले. एक. दोन. तीन. तिला नंतर कधीही त्या क्षणांची लांबी नीट सांगता आली नाही. उजवा खांदा जणू तिच्या आधी बुडत होता. मग तिची नजर खुर्चीला टेकवून ठेवलेल्या लांब बांबूवर गेली. तिनं तो डाव्या हातानं ओढला, पोटावर पालथी पडली आणि पुढं सरकवला.

"शालनबाई! बांबू! बांबू धरा!"

दुसऱ्या हाकेला हात वर आला आणि बांबूवर पडला. कस्तुरानं डाव्या हातानं आणि अंगाच्या भारानं तो मागं ओढला. दोघी-तिघी बायका धावल्या. शालनबाई काठावर आल्या, खोकल्या, ओकल्या आणि पाच मिनिटांनी स्वतःच उठून बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी रडत कस्तुराच्या गळ्यात पडली, नेमकी उजव्या बाजूनं.

गंमत अशी, की कस्तुरानं केलं ते पुस्तकाप्रमाणं अगदी बरोबर होतं. परीक्षेसाठी तेच शिकवतात. आधी काठावरून बांबू, मग दोरीची रिंग, आणि काहीच जमलं नाही तर उडी. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाच घट्ट धरतो. सुजितनं कॅमेऱ्यातलं चित्रण बघितलं आणि म्हणाला, "एक नंबर, ताई! काय शांत डोकं आहे तुमचं." शनिवारी छोटासा सत्कार ठेवला. मालक आले, शाल आणली, पुष्पगुच्छ आणला. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा गुच्छ वर धरा ना, चेहऱ्याशेजारी." कस्तुरानं वर धरायला हात उचलला आणि तो मध्येच थांबला. तिनं गुच्छ छातीशीच धरला. समोर शालनबाई खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होत्या.

तिला ते सहन झालं नाही. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मालक गेले, तेव्हा ती सुजितच्या केबिनमध्ये गेली आणि दार न लावताच बोलली, "सुजित, मी डोकं शांत ठेवून बांबू नव्हता घेतला. मला उडी मारता आली नाही. माझा खांदा गेलाय. महिना झाला."

"महिना? आणि तुम्ही खोल बाजूला बसत होता?"

"हो."

"ताई, काही झालं असतं तर?"

"तेच रोज माझ्या डोक्यात होतं."

"तुमच्या डोक्यात असून काय उपयोग? माझ्या डोक्यात हवं होतं ना!"

दार उघडं होतं आणि शालनबाई दारात होत्या. त्या आभार मानायला पुन्हा आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. कस्तुराला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे गं, वाचले ना मी. शालनबाई तसं काही म्हणाल्या नाहीत.

"बांबू घेतलास ते बरोबरच केलंस," त्या सावकाश म्हणाल्या. "पण मी रोज त्या खुर्चीकडं बघून पाण्यात पाय टाकत होते. खुर्चीवर बसलेली धडधाकट आहे असं समजून. तू मला सांगायला हवं होतंस. मग यायचं की नाही ते माझं मी ठरवलं असतं." आणि त्या गेल्या. पुन्हा त्या बॅचला आल्या नाहीत.

सुजितनं तिला काढून टाकलं नाही. पण खुर्ची काढून घेतली. स्वप्नाली नावाची, चार वर्षांपूर्वी कस्तुराकडूनच शिकलेली मुलगी जीवरक्षक म्हणून आली आणि कस्तुराला चेंजिंग रूमच्या किल्ल्या आणि हजेरीचं रजिस्टर मिळालं. ज्या पाण्याची तिला नऊ वर्षं सवय होती ते आता तिला काचेतून दिसायचं. तरी टोप्या मोजायची सवय जाईना.

थेरगावातले हाडांचे डॉक्टर मोजकं बोलणारे होते. एमआरआय बघून त्यांनी सांगितलं, "खांद्याच्या गोल हाडाला चार लहान स्नायू चारही बाजूंनी धरून ठेवतात. त्यातल्या वरच्या स्नायूचा दोर थोडा फाटलाय. पूर्ण नाही."

"ऑपरेशन?"

"आत्ता नको. निदान तीन महिने व्यायाम करू, मग बघू. हात डोक्यावर न्यायचं काम बंद, ओझं बंद. पण हात बांधून ठेवायचा नाही. कळलं?"

कळलं, असं कस्तुरा म्हणाली. पण घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एवढंच उरलं, की दोर फाटलाय आणि जरा काही केलं की उरलेला फाटेल. डॉक्टरांनी दिलेला व्यायामाचा कागद तिनं देवघराच्या फळीवर ठेवला. आणि एवढे दिवस जी बाई दुखणं लपवून हात मारत होती, ती आता हात हलवायलाच घाबरायला लागली. कोपर पोटाशी, पंजा छातीशी, मोडक्या पंखाच्या कोंबडीसारखी. कणीक आरोही मळायची, धुणं आदिनाथ वाळत घालायचा. "असू दे, आराम पडेल," असं सगळेच म्हणत होते. पाच आठवडे असे गेले. ठणका कमी झाला, म्हणून कस्तुरा मनातून खूश होती.

मग एका सकाळी आंघोळीला पाठीवर तांब्या ओतायला तिनं हात उचलला आणि हात खांद्याच्या रेषेच्या वर जाईनाच. आता कळ नव्हती. आत कुणीतरी कडी घातल्यासारखं झालं होतं. डाव्या हातानं ढकललं तरी नाही. ती ओल्या अंगानं तशीच पाटावर बसून राहिली. बाहेरून आरोही दार वाजवत होती. "आई? आई, काय झालं?"

त्याच दिवशी ती फिजिओथेरपिस्टकडं गेली. दिपाली मॅडम तिशीच्या होत्या, आवाज मऊ पण बोलणं रोखठोक. त्यांनी हात वर नेऊन बघितला, बाजूला नेऊन बघितला, पाठीमागं नेऊन बघितला आणि विचारलं, "डॉक्टरांनी कागद दिला होता का व्यायामाचा?"

"दिला होता."

"केले का?"

"नाही."

"का नाही केले?"

"फाटेल म्हणून भीती वाटली."

दिपाली मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा खांद्याचा सांगाडा बाजूला सारला. "शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत पळालात कधी? खांदा म्हणजे तसाच आहे. चमचा उथळ आणि लिंबू मोठं. म्हणून तर हात एवढा सगळीकडं फिरतो. ते लिंबू चमच्यात कोण ठेवतं? हे चार लहान स्नायू आणि मागचं पाठीचं पंख्यासारखं हाड. तुम्ही एप्रिलमध्ये चमचा हातात घेऊन पळालात, म्हणून एकाला इजा झाली. मग पाच आठवडे एका जागी उभ्याच राहिलात, म्हणून सांध्याच्या भोवतीची पिशवी आखडायला लागलीय. चालायचं होतं, ताई. हळूहळू चालायचं."

कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता सुटेल ना?"

"सुटेल. वेळ लागेल. आणि थोडं ताणल्यासारखं दुखेल, तेवढं चालेल. सुरी खुपसल्यासारखं दुखलं किंवा रात्री झोप मोडली, तर जास्त झालं समजायचं आणि मला सांगायचं. लपवायचं नाही." मग त्यांनी साखर तपासायलाही सांगितली. साखर असेल तर खांदे जास्त आखडतात म्हणे. ती निघाली नाही, पण रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस कस्तुराला तीही एक धास्ती होती.

पुढचे महिने सांगण्यासारखं फारसं काही नाही, कारण रोज तेच तेच होतं, आणि तेच तर अवघड होतं. सकाळी गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. मग टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा नुसता झुलवायचा. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. आरोहीनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. पहिल्या पंधरा दिवसांत खूण दोन बोटं वर गेली आणि मग दहा दिवस तिथंच थांबली. त्या दहा दिवसांत कस्तुरा किती वेळा रडली ते आदिनाथला माहीत. "राहू दे ते तलाव-बिलाव," तो एकदा म्हणाला. "घरी बस. आपलं भागतंय."

"मी घरी बसले ना, की रोज तेच तीन सेकंद बघत बसेन," ती म्हणाली.

श्रावणात खूण हलली. मग रबरी पट्टा आला. दाराच्या कडीला बांधून, कोपर बरगडीला चिकटवून, पंजा बाहेर ओढायचा. दिसायला खेळ, पण दहा वेळा केलं की घाम फुटायचा. पाठीची हाडं एकमेकांकडं ओढून छाती उघडायची. दिपाली मॅडमनी तिच्याकडून पोहण्याचा हात जमिनीवरच करून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही खांद्यानं ओढता. अंग वळवत नाही. नऊ वर्षं सगळा भार एका सांध्यावर." विहिरीत बापानं शिकवलेला हात, तो चुकीचा निघाला याचं कस्तुराला आधी वाईट वाटलं. मग तिनं तोही बदलला.

तलावावर ती रजिस्टर घेऊन बसायची, तिथून स्वप्नालीला बघायची. पोरगी चपळ होती. पण बॅच सुरू होताना बायका धावत येऊन सरळ पाण्यात उड्या टाकायच्या आणि हात फिरवायला लागायच्या. एक दिवस कस्तुराला राहवलं नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, "थांबा. आधी पाच मिनिटं काठावर." तिनं सगळ्यांकडून खांदे मागं फिरवून घेतले, हात झुलवून घेतले. एकीनं विचारलं, "ताई, तुमचा खांदा बरा झाला का?" सगळ्यांना माहीत होतंच. "अजून नाही," कस्तुरा म्हणाली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळं बोलणं सोपं गेलं. मग आणखी दोघींनी सांगितलं की आमचेही दुखतात, आणि त्यातली एक त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जाऊन आली.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि पाण्यात उतरायला परवानगी दिली. पण सुजित म्हणाला, "ताई, खुर्चीवर बसायचं तर परीक्षा द्यावी लागेल. सगळ्यांसमोर." त्याचं चुकत नव्हतं. डिसेंबरातल्या एका सकाळी, पाण्यावर वाफ दिसत होती एवढी थंडी असताना, स्वप्नाली खोल बाजूला जाऊन अंग सैल सोडून तरंगत राहिली. कस्तुरा काठावर उभी राहिली. गुडघे वाकले, आणि पुन्हा तेच. कानात स्वतःचा श्वास ऐकू येत होता. या वेळी ती थांबली नाही असं म्हणता येणार नाही. ती थांबली. पण तेवढ्यापुरतीच. मग उडी पडली.

पाणी अंगाला चावलं. उजवा हात पुढं गेला, त्या वीतभर टप्प्यातून गेला, थोडासा ओढल्यासारखा झाला आणि पलीकडं निघाला. तिनं डाव्या हातानं स्वप्नालीच्या हनुवटीखाली धरलं, उजवा हात कमरेजवळून मारत, पायांनी ढकलत, काठ गाठला. वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि ती थंडीनं कापत होती की भीतीनं, हे तिलाही कळत नव्हतं. सुजितनं घड्याळ बघितलं. "पूर्वीपेक्षा आठ सेकंद जास्त," तो म्हणाला. "पण पास."

आता खोल बाजूला दोघी असतात, कस्तुरा आणि स्वप्नाली. दर सोमवारी दोघी एकमेकींना पाण्यातून ओढून बघतात आणि कुणाचं काही दुखत असेल तर ते रजिस्टरमध्ये लिहायचं, असा नियम कस्तुरानंच सुजितकडून करून घेतला. पहिल्या महिन्यात तिचीच नोंद तीनदा झाली. ज्या दिवशी नोंद, त्या दिवशी स्वप्नाली खुर्चीवर आणि कस्तुरा उथळ बाजूला. भीती गेली का, असं आदिनाथनं विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली.

जानेवारीत एका संध्याकाळी डांगे चौकातल्या बाजारात मटार निवडताना शेजारी कुणीतरी उभं राहिलं. शालनबाई. खांद्याला पिशवी, तोंडावर तीच शिस्त.

"कशी आहेस?"

"बरी आहे, बाई."

"मी पोहते अजून. वाकडच्या तलावावर जाते. तिथल्या पोरीला पहिल्याच दिवशी विचारलं, हात-पाय सगळे नीट आहेत ना तुझे? ती बघायलाच लागली माझ्याकडं."

कस्तुराला हसावं की नाही ते कळेना. शालनबाई हसल्या नव्हत्या.

"दाखव," त्या म्हणाल्या.

"इथं?"

"मग कुठं?"

कस्तुरानं मटार ठेवले आणि भर बाजारात उजवा हात वर नेला. भाजीवाली बघायला लागली. हात सरळ वर गेला, कानापासून दोन बोटं अलीकडं थांबला.

"एवढाच जातो," कस्तुरा म्हणाली. "पुढं जाईल की नाही, मॅडमनाही नक्की सांगता येत नाही."

शालनबाईंनी तो हात नीट बघितला, वही तपासावी तसा. मग भाजीवालीकडं वळून म्हणाल्या, "अर्धा किलो दे गं," आणि एकाच खांद्यावर भार नको म्हणून स्वतःची पिशवी उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्यावर घेतली.